उजव्या डोळ्याचा डावा डोळा

आमच्या जिन्याखालचे स्टुडिओवाले दादा परक्या माणसाच्या पासपोर्टवर परदेशात घुसताना विमानतळावर पकडले गेले आणि आता तिकडच्या कोठडीत चटईवर बसले आहेत, ही बातमी मला औषधाच्या दुकानात कळली. खोकल्याचं औषध घ्यायला गेलो होतो, ते तिथेच विसरून आलो. औषधवाल्याला बातमी इस्त्रीवाल्याने दिली होती. इस्त्रीवाल्याला कुणी दिली ते त्याला आठवत नव्हतं, चटई मात्र पक्की आठवत होती. मी जिना चढून घरी पोचेपर्यंत दादांच्या हातात बेड्याही पडल्या होत्या.

आता खरं काय ते सांगतो. मला ते वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनेच सांगितलंय आणि त्या त्या वेळी तिथेच होत्या, काचेच्या पलीकडे. पासपोर्ट दादांचाच होता. नाव त्यांचंच, जन्मतारीख त्यांचीच, आणि सही तर इतकी वेडीवाकडी की दुसऱ्या कुणाला जमणं शक्य नाही. पकडलं वगैरे काही नाही, थांबवलं. चटई नव्हती, खुर्ची होती. बातमीत एवढंच खरं होतं की पासपोर्टमधला चेहरा दादांचा नव्हता. आणि तो ज्या इसमाने बनवला, तो इसम म्हणजे दादाच.

हे नीट कळायला तुम्हाला आधी स्टुडिओत यावं लागेल. दाराशी शोकेस, पुढे काउंटर, त्यावर काच, काचेखाली नमुन्याचे फोटो. पडद्यामागे स्टूल, पांढरा कपडा लावलेली भिंत, छत्रीवाले दिवे आणि एक आरसा. आरशाच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेला कंगवा, कारण गिऱ्हाइकं केस विंचरून झाले की कंगवा स्वतःच्या खिशात घालतात. बाहेरच्या बाजूला एक बाक आहे. तो गिऱ्हाइकांसाठी आहे, पण बसलेला मी असतो. पेपर दादांचा, चहा वहिनींचा, मतं माझी.

लोकांना वाटतं फोटो कॅमेऱ्यात निघतो. दादांकडे फोटो कॅमेऱ्यातून बाहेर पडल्यावर सुरू व्हायचा. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालायची, मग कॉम्प्युटर आला. गिऱ्हाईक स्टुलावरून उठून सुटे पैसे शोधेपर्यंत दादांनी त्याच्या कपाळावरच्या आठ्या पुसलेल्या असायच्या. औषधवाल्याच्या नाकावर चामखीळ आहे, चांगली वाटाण्याएवढी. आजवर ती एकाही फोटोत आलेली नाही. माझ्या हनुवट्या दोन. त्यातली एक दादांनी कॉम्प्युटरातच ठेवून घेतली आहे. आणि काउंटरवर मोठ्या अक्षरांत पाटी: ‘पासपोर्टच्या फोटोत कोणताही बदल करून मिळणार नाही.’ दादा त्याच पाटीखाली बसून बदल करायचे. मी पाटीकडे बोट दाखवलं की म्हणायचे, “बदल कुठाय? जरा झाडलोट केली.”

सगळ्या गल्लीत एकट्या वहिनी या झाडलोटीतून सुटल्या. त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं, “माझ्या तोंडाला हात लावलात तर मी तुमच्या ताटाला हात लावणार नाही.”

आता दादांचं स्वतःचं. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी खाली आहे. दिसायला काही अडत नाही. पण शाळेत पोरं त्यांना ‘अर्धं शटर’ म्हणायची, आणि ते त्यांनी पुढे आयुष्यभर कानात जपून ठेवलं. दादा कुणाशीही बोलताना उजवा गाल पुढे करतात. बाकावर मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसतो. डाव्या बाजूला बसलो तर त्यांना काहीतरी शोधायला आत जावंच लागतं. लग्नाच्या फोटोत त्यांचा डावा डोळा वहिनींच्या हाराआड आहे, आणि तो हार त्यांनीच तिथे सरकवलाय, असं वहिनी म्हणतात.

कॉम्प्युटर आला आणि हाराची गरज संपली. युक्ती सोपी होती. आपला उजवा डोळा उचलायचा, आरशात दिसतो तसा उलटा करायचा आणि डाव्याच्या जागी बसवायचा. काम इतकं सफाईदार की सांधा दिसायचा नाही. डोळा बदलला की नाक वाकडं वाटायचं, म्हणून नाक सरळ. नाक सरळ झालं की गाल बसलेले वाटायचे, म्हणून गाल भरलेले. असे दोन उजवे डोळे घेऊन दादा लायसनवर, बँकेत, मतदार कार्डावर आणि पासपोर्टवर मिरवत होते. कुणी हटकलं नाही. कारण कार्ड बघणारा माणूस कार्डच बघतो, तोंड कोण बघतंय!

आणि मग त्यांना मुलगी झाली. डावी पापणी अर्धी खाली.

पोरगी मोठी गोड होती, जिभेची तिखट. सहावीत की सातवीत असताना शाळेच्या ओळखपत्राला फोटो लागला. दादांनी काढला, आणि बापाच्या मायेने म्हणा की बापाच्या भीतीने म्हणा, तिचाही उजवा डोळा उचलून डावीकडे बसवला. चारसहा दिवसांनी शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट स्टुडिओत आली. मी बाकावर होतो. तिने गळ्यातलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

“बाबा, हा डोळा कुणाचा आहे?”

“तुझाच गं.”

“माझा असा नाहीये.”

“तुझाच उजवा आहे तो. जरा इकडे आणलाय.”

“मग माझा डावा कुठे गेला?”

दादा काउंटरची काच पुसायला लागले. मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणालो, “कॉम्प्युटरात असेल, माझ्या हनुवटीच्या शेजारी.” कुणी हसलं नाही. पोरगी कार्ड तिथेच टाकून वर निघून गेली.

वर्गात काय झालं ते वहिनींनी हळूहळू काढून घेतलं. कार्ड बाकाबाकांवरून फिरलं होतं. पोरांनी ते तिच्या गालाशेजारी धरून एकदा कार्ड, एकदा तोंड असं बघितलं होतं. तोवर तिचा डोळा कुणाच्या फारसा ध्यानात नव्हता. कार्ड बघितल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आला.

त्या दिवसानंतर ती बापाच्या स्टुलावर बसली नाही. परदेशात नोकरी लागली तेव्हा पासपोर्टचा फोटो तिने कुठे काढला असेल? रस्त्यापलीकडे, समोरच्या स्टुडिओत. फोटोवाल्याची मुलगी, घराखाली बापाचा स्टुडिओ, आणि फोटो समोरच्याकडे! औषधवाल्याने तिला तिकडून पाकीट घेऊन बाहेर पडताना बघितलं, म्हणजे दुपारपर्यंत गल्लीने बघितलं. मी दादांना विचारलं तर म्हणाले, “तिकडे रांग नव्हती.” त्यांच्या स्टुलावर त्या दिवशी सकाळपासून मांजर झोपलं होतं.

पोरगी गेली. तिकडेच लग्न केलं. फोन यायचा तो आईला. बापाशी बोलणं म्हणजे “जेवलात?” “जेवलो.” “बरं, आईला द्या.” असं चाललं होतं. मग तिला मुलगी झाली, आणि एक दिवस ती वहिनींना म्हणाली, “तुम्ही दोघं या.” आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, “बाबांना सांग, बाळाचा पासपोर्ट करायचाय. फोटो काढायला लागेल.”

हा निरोप ऐकल्यावर दादा पडद्यामागे जाऊन लेन्स पुसत बसले. बाहेर आले ते मला म्हणाले, “ऐकलं का? बोलावलंय. फोटोसाठी.” मी म्हणालो, “तिकडे फोटोवाले नाहीत का?” तर रागावले नाहीत, हसले. उलट जवळ येऊन विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, तिला खरंच मीच काढायला हवाय?” हे विचारताना डावी बाजू माझ्याकडे होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

बाळाची पापणी कशी आहे हे वहिनींना फोनवर आधीच दिसलं होतं. आमच्या हिलाही सांगून झालं होतं. दादांना मात्र त्यांनी विमान उडाल्यावर सांगितलं, म्हणजे उतरून परत जायची सोय नको.

दादांनी विचारलं, “कुठली?”

“डावी.”

बस्स. पुढे दादांनी जेवणाच्या ट्रेचं झाकणसुद्धा उघडलं नाही. वहिनी सांगतात, बापाने एखादी वस्तू चोरून घरात आणावी आणि ती नातीच्या पाळण्यात सापडावी, तसं तोंड झालं होतं.

आता विमानतळ. इकडून निघताना खिडकीत माणूस होता. त्याने पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, वर बघितलंसुद्धा नाही. तिकडे उतरल्यावर माणूस नाही, काचेची फाटकं, ओळीने लावलेली. पासपोर्ट उघडून काचेवर पालथा ठेवायचा की पहिलं दार सरकतं. आत जाऊन जमिनीवर पावलं काढलेली असतात त्यावर उभं राहायचं. समोरचा कॅमेरा आपली उंची बघून वरखाली होतो, पासपोर्टमधला चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून बघतो. पटलं तर पुढचं दार उघडतं. भाषा यायची गरज नाही, पडद्यावर चित्रं येतात. लोक चालता चालता पार होतात, कुणाशी अक्षर बोलावं लागत नाही. पूर्वी याच कामाला पाय दुखेपर्यंत रांगेत उभं राहावं लागायचं म्हणे.

वहिनी पुढे होत्या. पासपोर्ट ठेवला, पावलांवर उभ्या राहिल्या, दार उघडलं. “माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला इतक्या लवकर घरात घेतलं नव्हतं,” असं त्या सांगतात.

मग दादा आत गेले. पहिलं दार मागे बंद झालं. आणि आयुष्यभराच्या सवयीने दादांनी मान डावीकडे वळवून उजवा गाल कॅमेऱ्याला दिला.

पडद्यावर सरळ बघणाऱ्या माणसाचं चित्र आलं. ज्या गृहस्थाने जन्मभर लोकांना ‘हनुवटी खाली, समोर बघा, हलू नका’ सांगितलं, त्याला आता कपाटासारखं एक यंत्र तेच सांगत होतं. दादा सरळ झाले. पडद्यावर त्यांचं स्वतःचं तोंड आलं, मोठं, ताटाएवढं, कुठेही झाडलोट न केलेलं. त्यावर एक चौकट थरथरत होती. मग एका डोळ्याचं चित्र आलं, टक्क उघड्या डोळ्याचं. म्हणजे डोळे पूर्ण उघडा.

दादांनी कपाळ वर चढवलं, भुवया ताणल्या. पुन्हा तेच चित्र. मागे लोक थांबलेले. काच असल्यामुळे सगळ्यांना सगळं दिसतं, पुढून वहिनींना आणि मागून रांगेला. एक बाई सामान ओढत शेजारच्या फाटकाकडे गेली. दादांनी मागे बघितलं, पुढे बघितलं आणि काय करावं? डाव्या हाताचं बोट उचललं, पापणी वर धरली आणि तसेच उभे राहिले.

पडद्यावर हाताचं चित्र आलं, त्यावर लाल फुली. चेहऱ्यावरचा हात काढा.

वहिनी हे सांगताना हसायला सुरुवात करतात आणि इथे आल्या की थांबतात. म्हणाल्या, “भावोजी, मी काचेवर हात मारत होते, अहो, इकडे बघा, इकडे बघा म्हणून. त्यांनी बघितलं नाही. त्यांना माहीत होतं मी तिथेच आहे, म्हणूनच बघितलं नाही.”

लाल दिवा लागला आणि पुढचं सोडून मागचं दार उघडलं. आल्या वाटेने दादा बाहेर, सगळ्या रांगेच्या तोंडासमोर. एका कर्मचाऱ्याने सभ्यपणे दुसऱ्या फाटकात उभं केलं. दुसऱ्यानेही ओळख दाखवली नाही. मग त्यांना एका खोलीत नेलं, आणि पलीकडून वहिनींनाही आणलं.

खोलीत एक तरुण अधिकारी बाई. समोर मोठा पडदा, त्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. एक पासपोर्टचा, एक मघाशी फाटकाने काढलेला. (ती बाई तिच्या भाषेत बोलली, मोबाइलने ते आपल्या भाषेत करून ऐकवलं आणि वहिनींच्या तोंडून ते मला असं मिळालं की ती आपल्या गल्लीतलीच वाटावी.)

“हा कोण?”

“मी.”

“आणि हा?”

“मीच.”

“तुम्हाला भाऊ आहे?”

“नाही.”

“पासपोर्टचा फोटो कुणी काढला?”

इथे दादा, सवयीने, खुर्चीत जरा ताठ झाले. “मी काढला.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. म्हणाल्या, “दुसरा एखादा फोटो दाखवा. घरगुती.” वहिनींनी मोबाइल पुढे केला. आता वहिनींच्या मोबाइलमध्ये फोटो कोण भरतं? दादाच. आणि झाडलोट केल्याशिवाय घरात काही घ्यायचं नाही, असा त्यांचा दंडक. बाई बोटाने फोटो सरकवत गेल्या. बागेतले दादा, लग्नातले दादा, केक कापताना दादा. सगळीकडे दोन उजवे डोळे, सरळ नाक, भरलेले गाल.

बाई म्हणाल्या, “मोबाइलमधला माणूस आणि पासपोर्टमधला माणूस एकच आहे. हे गृहस्थ मात्र वेगळे आहेत.” मग वहिनींकडे वळल्या. “तुम्ही यांना नक्की ओळखता?”

वहिनी म्हणजे वहिनीच. म्हणाल्या, “आजवर ओळखत होते. आता तुम्ही म्हणता तर शंका येतेय.”

बाई हसल्या नाहीत. बाईंनी शांतपणे सांगितलं, की हे कोण आहेत याची खात्री पटली नाही तर यांना पुढच्या विमानाने परत पाठवावं लागेल. तुम्ही जाऊ शकता. हे नाही.

बाहेर पोरगी बाळाला घेऊन उभी. आत बाप, तिला तोंड दाखवायला निघालेला, आणि त्याच तोंडापायी अडकलेला. वहिनींनी दादांना म्हटलं, “अहो, सांगा ना त्यांना काय केलंत ते.” दादांनी सांगितलं. उजवा डोळा उचलला, उलटा केला, डावीकडे बसवला. मोबाइलने ते त्या बाईंच्या भाषेत ऐकवलं, तेही वर मोठ्या आवाजात, आणि दाराशी उभा असलेला पहारेकरी मान वळवून बघायला लागला. दादा म्हणे टेबलाच्या कडेकडे बघत होते. काउंटरसारखी काच असती तर पुसली असती.

शेवटी पोरीला फोन लावला. बाईंनी तिला विचारलं, वडिलांचा काही न केलेला एखादा फोटो आहे का? मग पोरगी आईला म्हणाली, “आई, आहे. पण बाबा चिडतील.”

तो फोटो मला माहीत होता, गल्लीला माहीत होता. परदेशी जायच्या आदल्या वर्षी तिने काढलेला. दादा दुपारचे काउंटरमागे खुर्चीत झोपलेत, मान एका खांद्यावर, तोंड उघडं, जवळचा चष्मा कपाळावर, उजवा डोळा झोपेतही किलकिला, आणि डावी पापणी आहे तशी, पार खाली. तो फोटो बघून दादांनी असा काही आवाज चढवला होता की मी वरून चपला न घालता खाली आलो होतो. समोर उभं राहून त्यांनी तिला तो पुसायला लावला होता. पोरीने पुसला होता. पुसण्याआधी स्वतःला पाठवून ठेवला होता, एवढंच.

फोटो आला. बाईंनी तो पडद्यावर मोठा केला. फोटो, दादा, फोटो, दादा. कार्ड आणि तोंड. मग म्हणाल्या, “जरा तसे बसता का?”

“कसे?”

“या फोटोत आहात तसे.”

आणि दादांनी, अनोळखी बाईसमोर, पहारेकऱ्यासमोर, बायकोसमोर, खिशातला चष्मा काढून कपाळावर चढवला, मान खांद्यावर टाकली, डोळे अर्धवट मिटले आणि तोंड उघडलं. आणि आ वासून तसेच बसून राहिले. जन्मभर जे लपवलं ते आता परीक्षेला बसल्यासारखं दाखवत होते. वहिनी म्हणतात, “मला हसू यायला पाहिजे होतं हो. मी बॅगेत रुमाल शोधत होते.”

बाईंच्या तोंडावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी शिक्का मारला. जाताना एवढंच म्हणाल्या, “असा बदललेला फोटो पासपोर्टला चालत नाही. परत गेल्यावर नवा करून घ्या. आणि फोटो दुसऱ्या कुणाकडून तरी काढा.”

दुसऱ्या कुणाकडून तरी! कोठडीतली चटई परवडली.

बाहेर पोरगी होती. पाया पडणं, मिठ्या, काही झालं नाही, सामान गाडीत चढलं. गाडी जावई चालवत होते. त्यांना आपलं बोलणं कळत नाही, म्हणून ते फार शांत चालवत होते. दादा पुढे, वहिनी आणि पोरगी मागे, मध्ये बाळ झोपलेलं.

“फार वेळ बसवलं का बाबा?”

“नाही गं. बरी होती ती बाई.”

“लोक बघत होते?”

“बघत होते.”

“वर्गात माझ्याकडेपण बघत होते.”

वहिनींना वाटलं, आता हे म्हणतील, किती जुनी गोष्ट ती, अजून घेऊन बसलीस! म्हणाले नाहीत. दोन सिग्नल गेले. मग मान मागे न वळवता म्हणाले, “दोन्ही शेजारी शेजारी धरून बघतात.”

“हो.”

“ते फार वाईट असतं.”

“हो बाबा.”

झालं, माफी म्हणायची तर हीच. यापेक्षा जास्त मागून घ्यायला मी तिथे नव्हतो, नाहीतर मागितली असती.

बाळाचा फोटो काढायला दादांनी बरेच दिवस लावले. आज उजेड बरा नाही, आज तिला सर्दी आहे. वहिनींना कळत होतं. हा बाबा कॅमेऱ्याला घाबरत नव्हता, नंतरच्या कामाला घाबरत होता. शेवटी एका सकाळी खिडकीशी गादी ओढली, पांढरी चादर ताणून अंथरली, बाळाला त्यावर ठेवलं आणि दादा गादीवर गुडघे टेकून वरून वाकले. बाळाने त्यांच्याकडे दीड डोळ्याने बघितलं. दादांनीही दीड डोळ्याने बघितलं. खटक.

फोटो लॅपटॉपवर घेतला. पोरगी दाराशी हाताची घडी घालून उभी. दादांचा हात माउसवर गेला आणि सवयीने सरळ बाळाच्या डाव्या डोळ्यावर. मोठा केला, आणखी मोठा केला. सगळा पडदा ती एक पापणी. वहिनींचा जीव टांगणीला. दादा बघत राहिले. तो डोळा त्यांनी आरशात चुकवला होता, मुलीच्या फोटोत पुसला होता. एवढा मोठा करून, काही न करता, पहिल्यांदाच बघत होते.

मग हळूच म्हणाले, “पापणीवर दुधाचा थेंब वाळलाय. तेवढा काढू?”

पोरगी म्हणाली, “काढा. ओल्या फडक्याने. बाळाच्या तोंडावरचा.”

दादांनी लॅपटॉप सोडला, फडकं ओलं करून आणलं, बाळाची पापणी पुसली आणि पुन्हा गादीवर गुडघे टेकले. दुसरा फोटो तसाच गेला. पासपोर्ट आला. कुणी काही विचारलं नाही.

दादा परत आले तेव्हा वहिनींच्या फोनमुळे खरी हकीकत आधीच पोचलेली होती आणि गल्ली तयारच होती. प्रत्येकाने कपाटातून आपापला पासपोर्ट काढून ठेवला होता, आणि औषधवाला आरशासमोर नाकाशेजारी पासपोर्ट धरून बसला होता. पुढच्या महिन्यात त्याचं मुलाकडे जायचं तिकीट होतं, आणि चामखीळ काही केल्या फोटोत नव्हती. समोरच्या स्टुडिओवाल्याने तर कापडी फलक लावला होता: ‘मशीनला ओळखू येणारे फोटो येथे मिळतील.’ दादा काही दिवस शटर अर्धंच उघडत होते. आत बसून राहायचे, दिवा न लावता. मी वाकून आत जायचो, पेपर वाचायचो, दोघंही फलकाबद्दल बोलायचो नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरंच बोलायचो नाही.

मग एका सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि रस्ता ओलांडून समोरच्या स्टुडिओत गेले. दुपारी नाही, आडवेळी नाही, दुकानं उघडायच्या वेळेला, सगळी गल्ली दारात असताना. पासपोर्टच्या फोटोसाठी. पोरगी ज्या दारातून पाकीट घेऊन बाहेर पडली होती, त्याच दारातून पाकीट घेऊन बाहेर पडले. मान खाली होती, कान लाल होते, पण उजवा गाल पुढे नव्हता. समोरचा सांगतो, “मी विचारलं, डोळा जरा नीट करू का? तर असे बघितले की मी माउस सोडून हात मांडीवर ठेवले.”

त्याच दिवशी त्यांनी आपलं शटर पूर्ण वर केलं आणि शोकेसमधले सगळे जुने तुकतुकीत चेहरे काढून टाकले. मध्ये एकच फोटो लावला, मोठा, चौकटीत. बाळाचा. पांढरी चादर, ओठ जरा उघडे, उजवा डोळा टपोरा आणि डावा अर्धा.

संध्याकाळी औषधवाला, इस्त्रीवाला आणि मी शोकेससमोर उभे होतो. दादा आत काच पुसत होते. आता माझी जीभ, ती मला विचारून थोडीच चालते! मी मोठ्याने म्हणालो, “फोटो छान आहे दादा. पण एक डोळा अर्धाच उघडलाय. पोरीला झोपेतून उठवून काढलात वाटतं?”

दादांनी फडकं खाली ठेवलं. दारात आले, सरळ माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “जागी होती. तो डोळा आमच्या घरचा आहे. तुम्हाला बघवत नसेल तर तुमचे दोन्ही मिटा.”